सज्ज्याखालची बाई

टेपचं टोक सापडत नव्हतं. करड्या रिळाच्या कडेवरून तिने नख फिरवलं, पुन्हा फिरवलं – सगळीकडे तेच गुळगुळीत, कुठेच सुरुवात नसलेलं – आणि मग नवरा म्हणाला, "आण इकडे," आणि त्याच्या जाड अंगठ्याला ते पहिल्या फटक्यात लागलं. त्याला नेहमीच लागतं. बरण्यांची घट्ट झाकणं, गंजलेल्या कड्या, दोऱ्यांच्या गाठी... दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हातांना वस्तू जरा वचकूनच असतात. चर्रर करत टेप सुटली आणि तिच्या बरगड्यांखालून पहिला वेढा बसला.

"घट्ट होतंय का गं?"

"होऊ द्या. घट्टच हवंय."

खोलीच्या मध्यभागी ती उभी होती, अंगात त्याचा एक जुना टी-शर्ट, हात जरासे बाजूला, नजर समोरच्या कपाटाच्या मुठीवर. सरळ उभं राहायचं, पोट आत ओढायचं नाही, खांदे सैल सोडायचे – हे सगळं तिने त्याला आणि त्याच्या निमित्ताने स्वतःलाही समजावून सांगितलं होतं. मानेपासून मांड्यांपर्यंत, दंडांवरूनही, टेपचे तीन थर चढवायचे, मग पाठीवरून सरळ चीर देऊन ते कवच अंगावरून उतरवायचं, चीर पुन्हा चिकटवायची, आत चिंध्या ठासायच्या, की झाला आपल्याच मापाचा पुतळा. मग त्याच्यावर हवा तो पोशाख बेतावा. एकच अडचण. स्वतःची पाठ स्वतःला गुंडाळता येत नाही. एवढी साधी गोष्ट, पण तेवढं विचारायला तिला कितीतरी सुट्ट्या लागल्या होत्या. तो नाही म्हणाला असता असं नाही. तो कधीच नाही म्हणत नाही, 'करू की' म्हणतो, आणि त्या 'करू की'ची वाट बघण्यात माणसाचे केस पांढरे होतात.

ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर बसते. लोकांच्या कंबरा सुटतात, तिला शिलाई उसवावी लागते. लोक बारीक होण्याचा निश्चय करतात, तरी महिन्याभराने उसवावीच लागते. आणि घरी, उरल्यासुरल्या वेळात, ती कॉस्प्लेचे पोशाख शिवते – एखादं पात्र उचलायचं, नखशिखांत तेच व्हायचं आणि मेळाव्यात मिरवायचं, असा तो खेळ. बाकी सगळे जपानी कार्टूनमधल्या निळ्या केसांच्या मुली आणि माणसापेक्षा उंच तलवारी घेऊन बसतात. तिचं मन तिथे कधी रमलंच नाही. तिने वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातलं विषारी अळंबं शिवलं, टपाल तिकिटावरची राणी शिवली, एका लठ्ठशा, लाजाळू मुलीला तर दीपगृह करून दिलं, आणि ती मुलगी त्या मेळाव्यात अशी काही डोलत चालली की बघत राहावं. पण घालणारे वेगळे, टाळ्या घेणारे वेगळे. ही आपली पडद्यामागे, तोंडात टाचण्या धरून. तोंडात टाचण्या असल्या की कोणी काही विचारत नाही, हा एक फायदा.

हे पहिलंच, स्वतःसाठी.

दुकानासमोर, रस्त्यापलीकडे, विमा कंपनीची जुनी इमारत आहे, आणि तिच्या दारावरचा सज्जा चार दगडी बायकांनी डोक्यावर तोलून धरलाय. कंपनीतली माणसं सज्ज्यावर येतात, सिगारेटी ओढतात, चहाचे कप कठड्यावर ठेवतात, कोणाची तरी नक्कल करून खिदळतात... पायाखाली कोण आहे याची कोणाला गंधवार्ता नाही. तिला त्यातली डावीकडून दुसरी आवडते. नाकाचा टवका उडालाय, एका दंडाला तडा गेलाय. पण मान! एवढं ओझं आणि मान अशी ताठ की ते ओझं तिच्यावर कोणी लादलेलं वाटतच नाही, तिनेच परवानगी देऊन ठेवून घेतल्यासारखं वाटतं. सुईत दोरा ओवताना, मान मोडून आलेली असताना, कितीदा वर बघितलंय तिच्याकडे... मला ती व्हायचंय. एका दिवसापुरती, फोमची आणि करड्या रंगाची का होईना – पण मला तसं उभं राहायचंय.

तिसरा थर खांद्यावरून उतरत होता तेव्हा त्याचा फोन वाजला.

"हां... कितव्या मजल्याच्या मधे?... किती जण आहेत?... अहो, दार ओढू नका म्हणावं. सांगा त्यांना, निघालोच."

टेपचा उरलेला तुकडा त्याने घाईघाईने तिच्या कमरेवर थापला आणि तो बूट शोधायला लागला.

"चौघं अडकलेत. एक म्हातारी आहे, घाबरलीय फार."

"आणि मी?"

"तू काय हवेत लटकलीयेस का? आलोच मी. हलू नकोस तेवढी."

दार बंद झालं. अडकलेली माणसं सोडवणं हा त्याचा धंदा आणि बायको घरात मानेपासून मांड्यांपर्यंत गुंडाळलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिला हसू आलं, पण हसायलाही छाती फुगावी लागते आणि छातीला आता तेवढी मुभा नव्हती. हसू अर्ध्यातच राहिलं.

हात कोपरापासून पुढे तेवढे मोकळे होते. पाय चालत होते, लहान पावलांनी. आणि टेबलावर कात्री होती – तिचीच, धारदार. मनात आणलं तर खालून आत सरकवून पुढच्या पुढे सर्रकन कापून ती मोकळी झाली असती. कोणी कोंडलं नव्हतं तिला. पण पुढून कापलं की माप गेलं, सकाळ गेली, रीळ गेलं, आणि मग पुन्हा एकदा विचारायचं... पुन्हा ते 'करू की'. नको. थांबलेलं बरं. थांबणं तिला येतं.

"सूनबाई, चहाचं बघतेस ना गं?"

पलीकडच्या खोलीतून सासरे. ती तशीच उभी राहिली. हलू नकोस, सांगितलंय. चार चुली नाहीत घरात, एक चहा तर... सांगता आलं असतं, बाबा, आज मला हलता येत नाही. पण का हलता येत नाही हे सांगायला जावं तर दगडाच्या बाईपासून सुरुवात करावी लागली असती, आणि सासऱ्यांना दगडाची बाई कशी सांगायची? चहा करणं सोपं होतं. कठीण गोष्ट सांगण्यापेक्षा सोपी गोष्ट करून टाकायची, असा तिचा आयुष्यभराचा हिशेब.

भांडं खालच्या कप्प्यात होतं. ती वाकली, टेप पोटाशी कुरकुरली, चुरगळली, आणि ती सरळ झाली तरी ती घडी तशीच राहिली. ते तिला जाणवलं. जाणवूनही तिने साखरेचा डबा काढला.

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, कप घेतला आणि तिच्याकडे बघितलं. आता विचारतील, तिला वाटलं, आणि आश्चर्य म्हणजे तिला ते हवंसं वाटलं – विचारा ना, बाबा, हे काय आहे म्हणून विचारा.

"कुठे निघालीस का?"

"नाही."

"मग घरात जाकीट कशाला घातलंस? उकडेल." एक घोट घेतला. "साखर जरा कमीच पडलीय आज."

वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं. ती दारात उभी राहिली, करड्या टेपमध्ये चकाकत, एखाद्या पार्सलसारखी, आणि तिला रडू येईल असं वाटलं. चांगले आहेत ते. कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. पण माणूस असं समोर गुंडाळलेलं उभं असावं आणि त्याचं जाकीट व्हावं... तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणावा तर मारणाराही कोणी नाही.

मग फोन. "अगं, दोराचंच लफडं झालंय, वेळ लागेल. बरी आहेस ना?" बरी आहे, ती म्हणाली. आणि मग घराच्या मध्यभागी नुसतं उभं राहणं तिला जमेना. रिकामं उभं राहिलं की कोणीतरी बघतंय असं वाटतं, घरात कोणी नसलं तरी. तिने भांडी घासली. ओट्याच्या कडेवर पोट टेकून, मान पुढे, डावा खांदा खाली – हे तिने ठरवलं नव्हतं, नळ तिथे आहे म्हणून शरीर तसं जातं. भाजी चिरली. वाळलेले कपडे घडी केले. आत घामाची धार मणक्यावरून उतरत होती, आणि उबेने टेप मऊ होऊन जिकडे ती वळेल तिकडे मुकाट्याने वळत होती...

लग्नातला तो फोटोवाला. बोटभर उंच होती ती नवऱ्यापेक्षा. लग्न ठरताना कोणी तोंडावर बोललं नव्हतं, पण कुजबूज झाली होती, आणि मावशीने सपाट चपला आणून दिल्या होत्या. आणि तो फोटोवाला, एक डोळा मिटून, सगळ्यांसमोर: "वहिनी, जरा गुडघ्यात वाका की. दादांच्या खांद्याखाली या. अजून... अजून थोडं... बस्स, आता कशी छान दिसतेय जोडी!" सगळे हसले. नवराही हसला. तीही हसली, तशीच, गुडघ्यात वाकून, आणि फोटो निघाला... मग 'झालं, आता उभ्या राहा' असं तो म्हणालाच नाही. पुढचे पाहुणे आले, पुढचा फोटो. खरंच म्हणाला नव्हता का? की म्हणाला आणि मला ऐकू आलं नाही?

नवरा आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. खूश होता. म्हातारीने बाहेर येताच त्याचे दोन्ही हात धरले होते म्हणे, सोडायलाच तयार नव्हती. "चल, आता तुझा नंबर," म्हणत त्याने बोथट टोकाची कात्री घेतली आणि कमरेखालून वर, मणक्याच्या बाजूने, जपून कापत आला – जपून, हे खरंच, त्याच्या हाताने तिला कधी ओरखडा काढलेला नाही. घामेजल्या पाठीला हवा लागली. तिने श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि क्षणभर तिला त्याच्या छातीवर डोकं टेकावंसं वाटलं.

कवच उतरलं. चीर चिकटवली, चिंध्या ठासल्या, आणि फरशी पुसायच्या दांड्यावर रोवून, दांडा बादलीत उभा करून, तो दोन पावलं मागे झाला.

"अगं, अगदी तू!" तो म्हणाला. इतका मनापासून, इतका कौतुकाने की... "मागून बघितलं असतं ना, तर हाकच मारली असती मी."

मान पुढे आलेली. डावा खांदा उतरलेला. पोटाशी ओट्याच्या कडेची आडवी घडी. खोलीत एक डोकं नसलेली बाई भांडी घासत उभी होती.

"अहो, वाकलंय हे."

"कुठे?" त्याने पुतळ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, पुन्हा पुतळ्याकडे. त्याला खरंच दिसत नव्हतं. "तू अशीच तर उभी असतेस. याच्यावरच शीव, तुला चपखल बसेल बघ."

आणि तो जेवायला गेला.

बसेल. प्रश्नच नव्हता. शिवणकामाची अक्कल तिला होती. याच्यावर जे बेतशील ते कुठे ओढणार नाही, कुठे फुगणार नाही, जन्माला आल्यापासून अंगावर असल्यासारखं बसेल. हीच तर भीती होती. तिने पुतळ्याच्या मानेवर तळवा ठेवून ती मागे दाबली. मान मागे गेली. हात काढला, की पुन्हा पुढे. स्वतःची मान ताठ केली, कपाटाच्या आरशात बघितलं – दुखत होतं, आणि खोटं दिसत होतं, दुसऱ्याचा सदरा घालून मिरवल्यासारखं. पुन्हा विचारायचं? पुढची सुट्टी, नवं रीळ, करू की... तो करेल. आणि तेव्हाही कोणाला तरी चहा हवा असेल, आणि चहा करायला मीच जाईन, हेही तितकंच खरं. लिफ्टमधल्यांना निदान बाहेरून कोणीतरी दार उघडणार असतं.

तिने करडा फोम उचलला आणि पुतळ्याच्या खांद्यांवर टाकला, नुसताच, कसा पडतो बघायला. दुसरा तुकडा मानेवर, जिथे सज्जा यायचा तिथे. तो टिकेना. अशा मानेवर काय टिकणार... तुकडा तिरका झाला, अडखळला, पुढच्या बाजूला कलला.

आणि डोळ्यांसमोर तिला ती दिसली, सज्ज्याखालची, डावीकडून दुसरी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने मान अशी जराशी, नळाखाली भांडं धरावं तितकीच, खाली केली होती. वर कठड्यावरचा कप घरंगळायला लागला होता. हसण्याचे आवाज थांबले होते. सज्जा सावकाश, अगदी सावकाश एका बाजूला उतरत होता, आणि वरची माणसं पहिल्यांदाच कठड्यावरून वाकून खाली बघत होती, की इथे आहे तरी कोण.

फोमचा तुकडा जमिनीवर पडला. तिने तो उचलला नाही. असंही शिवता येईल, तिच्या मनात आलं, आणि येताच तिला दचकायला हवं होतं. पण पाठीला लागणारा वारा अजून इतका गार होता, आणि ती बाई इतकी निवांत वाकलेली, की ती नुसती बघत राहिली, मान खाली, डावा खांदा उतरलेला, जशी होती तशी. सज्ज्यावर कोण कोण उभं आहे, ते वर नजर करून बघायचं मात्र तिने टाळलं.