एकेचाळीस नापास

आमच्या कंपायलरच्या एकेचाळीस चाचण्या गेली अकरा वर्षं नेमाने नापास होत होत्या. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषा. तो रोज नऊ हजार चाचण्या देतो. त्यातल्या एकेचाळीस त्याला जमत नाहीत हे ठाऊक असल्यामुळे त्यांची यादीच भिंतीवर लावलेली. भारी इमानी हो! एकदा वीज गेली, यंत्र बंद पडलं, तरी त्या नापास झाल्याच. खोटं वाटत असेल तर भिंतीला विचारा.

रोज सकाळी मी आकडा बघायचो. एकेचाळीस? सगळं ठीक. बेचाळीस? कुणीतरी काहीतरी मोडलंय. नावं कोण वाचत बसतो? त्यातल्या सगळ्यात जुनीला मी म्हातारी म्हणायचो. उणे संख्यांचा भागाकार आला की कोलमडायची. माझा तिच्यावर फार जीव.

त्या दिवशी पाचला नवा कंपायलर लिफ्टवाल्यांकडे जायचा होता. मी राहतो त्याच इमारतीची लिफ्ट, आमच्या कंपायलरने उतरवायच्या त्यांच्या नव्या प्रोग्रॅमची वाट बघत तीन दिवस बंद, आणि पाचव्या मजल्यावर आमची ही दुखरे गुडघे घेऊन अडकलेली. संध्याकाळी तिला खाली फिरायला नेतो, असा शब्द मी देऊन बसलेलो.

आकडा बघितला. एकेचाळीस. "पाठवा!"

"थांबा काका." ही माझी पुतणी. घरात तिला ठिणगी म्हणतात. आमच्याकडे कामाला लागून महिनाच झालेला. "म्हातारी पास झालीय."

"मग तोंड का पाडलंस? नाच की!"

"कालच मी दुरुस्त केली तिला. तुम्हाला चकित करायचं होतं. पण मग आज चाळीसच हवेत ना?"

माझी ट्यूब जरा उशिरा पेटली. एक सुधारली तरी आकडा तोच, म्हणजे आजवर पास होणारी एक पडली होती!

यादी आणि निकाल शेजारी ठेवून आम्ही नावं जुळवत बसलो. निकालातलं सव्विसावं नाव यादीत नव्हतंच. कंपायलर आता उणे एकला पाचापेक्षा मोठं धरत होता. लिफ्टच्या हिशोबात उणे एक म्हणजे तळघर, आणि तेच आता पाचव्या मजल्याच्या वर! आमच्या हिने तळघराचं बटण दाबलं असतं, तर गच्ची फोडून ढगांत पोचली असती आणि तिथून फोन करून मला झापलं असतं.

"माझ्याच दुरुस्तीने मोडलं," ठिणगी रडवेली झाली.

पाठवणं रद्द केलं. हिचा फोन आलाच.

"लिफ्ट कधी?"

"उद्या."

"घोळ कुणी घातला?"

ठिणगीने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "मी."

"वाटलंच मला! पोरीला घेऊन जेवायला या. जिन्याने."

आयुष्यभर हजार थापा मारल्या. ही एक पोरीसाठी मारायला गेलो, तर तिसऱ्या मजल्यावर धापा टाकताना लक्षात आलं, की ती खरीच होती. नावं मीच वाचली नव्हती.

"काका, हात द्या," ठिणगी म्हणाली.