दगडातला खेकडा

"सव्वीस," काचेला नाक लावून उमाजी म्हणाला.

"काल अठ्ठावीस होती. परवा तीस," शेतकी खात्याचे दिघे साहेब म्हणाले. "रात्री इथे तुझ्याशिवाय कोण असतं?"

चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. शेतकी प्रदर्शन दोन दिवसांवर आले होते. मंडपात काचेची मोठी टाकी मांडली होती आणि तिच्यात रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, सोडली होती. ती थेट कलकत्त्याहून आगगाडीने आलेली. त्यांच्या राखणीला साहेबांनी नदीत मासे धरणाऱ्या उमाजी ढिवराला ठेवले होते.

"तुम्हा लोकांना मासा दिसला की राहवत नाही, ठाऊक आहे मला," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता; हवापाण्याचे बोलावे तसे ते बोलले. "उद्या आणखी कमी भरली तर दुसरा माणूस बघतो."

साहेब गेले. उमाजी बसला, उठला, टाकीभोवती फिरला, पुन्हा पिल्ले मोजू लागला. पन्नाशी उलटली तरी त्याने दुसऱ्याच्या जाळ्यातली मासोळी कधी उचलली नव्हती. एवढीशी पिल्ले तर स्वतःच्या जाळ्यात आली तरी तो परत सोडायचा.

दुपारी त्याची बायको कुंता भाकर घेऊन आली. त्याने फडके सोडलेच नाही.

"जेवत काऊन नाई?"

"साहेब म्हणते, मासे मीच खाल्ले."

कुंताने फडके उचलून बाजूला ठेवले. मग म्हणाली, "तं सोडून द्या काम. घरी चला."

"आता गेलो तं खाल्लेच म्हणतीन."

बोलता बोलता त्याची नजर एका पिल्लावर खिळली. त्याची अर्धी शेपटी कातरलेली होती. ते तिरपे पोहत दगडाजवळ गेले आणि दचकल्यासारखे मागे फिरले. हा दगड साहेबांनी हौसेने इरई नदीतून आणवला होता. पोकळ्यांनी भरलेला, हिरव्या शेवाळाने मढलेला, अंगावर गोगलगायी आणि पाणवनस्पती वागवणारा. प्रदर्शनात तोच बघण्यासारखा होता.

उमाजीने पोती भिजवून टाकीवर चारी बाजूंनी पांघरली. आत रात्रीसारखा काळोख झाला. एका फटीला डोळा लावून तो बसला. बऱ्याच वेळाने दगडाच्या भोकातून एक नांगी बाहेर आली.

तो धावतच साहेबांना घेऊन आला.

"खेकडा?" साहेब वाकून बघत म्हणाले. "छिन्नी आण. फोड तो दगड."

"फोडू नोका साहेब. आत तुटला तं तिथीच मरते, सडते. सारं पानी नासन, एक पिल्लू नाई वाचनार. मले संध्याकाळवरी टाइम द्या."

साहेबांनी घड्याळ पाहिले आणि मान हलवली. पण ते गेले नाहीत, खुर्ची ओढून तिथेच बसले.

उमाजीने पितळी गडू दगडाला टेकवून तिरपा ठेवला. गुळगुळीत गडूत उतरलेला खेकडा वर चढू शकत नाही. आत त्याने सुकटीचा तुकडा टाकला. खेकडा गडूच्या तोंडाशी आला, चाचपडला आणि मागे सरला. दोनदा असेच झाले. साहेबांचा पाय हलू लागला. उमाजीच्या कपाळावर थंडीतही घाम होता.

शेवटी त्याने दगड अलगद उचलून पाण्याच्या घमेल्यावर धरला. कुंताने फडक्याची वात करून मागच्या बारीक भोकात मिठाच्या पाण्याचे थेंब सोडले. तेवढेच, शेवाळाला लागू दिले नाहीत. आत खरखर झाली. खेकडा दगडाच्या पुढच्या भोकातून बाहेर आला आणि त्याने उमाजीचे बोट धरले.

"ओढ ना हात," साहेब उठले.

"ओढला तं नांगी तुटते त्याची." उमाजीने दगड कुंताच्या हाती दिला आणि हात खेकड्यासकट घमेल्यात बुडवला. पाण्यात लाल धार पसरली. तो हलला नाही. काही वेळाने पकड आपोआप सुटली. मादी होती. तिच्या पोटाखालच्या झाकणीत ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्ले गच्च बसलेली होती.

कुंताने दगड स्वच्छ पाण्याने विसळून टाकीत ठेवला.

"छान," साहेब म्हणाले. ते खरोखर खूश होते. "खेकडा घरी घेऊन जा. मस्त कालवण करा दोघं."

सकाळच्या बोलण्याबद्दल ते काही म्हणतील, म्हणून उमाजी थोडा थांबला. साहेब टोपी घालून बाहेर पडले.

ऊन उतरताना तो आणि कुंता इरईवर गेले. गुडघाभर पाण्यात शिरून त्याने घमेले तिरपे केले. मादी वाळूवर क्षणभर थबकली आणि काठच्या खडकाखाली सरकली.

"चला," कुंता काठावरून म्हणाली. "टाकीचं पानी बदलाचं हाये ना?"

"हो," तो म्हणाला, आणि पाण्यात तसाच उभा राहिला.