विहिरीजवळचा माणूस

नळाखाली धरलेला तांब्या भरत येतो तसा त्याचा आवाज बदलतो. आधी पोकळ, मग दाट, आणि काठाशी येताना अगदी हळवा. सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळ त्या आवाजाने उजाडत असे. ब्रुनर तांब्या नळाखाली ठेवून कधी दुसऱ्या कामाला गेले नाहीत. ते ओणवे होऊन कान देत, आणि पाणी काठाला टेकण्याच्या क्षणी नळ बंद करत. कोणाचं बोलणं संपेपर्यंत थांबावं, तसे.

नवऱ्याला मी आडनावाने संबोधते, याचं इथल्या मैत्रिणींना हसू येई. पण पुण्याला माझी आईही बाबांना ‘वडगावकर’च म्हणे. ब्रुनरांचं पहिलं नाव मी कधी उच्चारलं नाही, आणि आता ते लिहायलाही हात धजत नाही. लग्नानंतर मी माझं आडनाव कायम ठेवलं, त्यांचं फक्त तोंडात ठेवलं.

त्या आडनावाची कुळकथा त्यांनी मला ओळखीच्या सुरुवातीलाच सांगितली होती. जर्मनीच्या दक्षिणेला, डोंगरांच्या पायथ्याशी, फार पूर्वी माणसाला एकच नाव असे आणि एका वस्तीत तेच नाव अनेकांचं असे. मग ओळख पटावी म्हणून कोणी टेकडीवरचा झाला, कोणी गिरणीवाला, आणि कोणी विहिरीजवळचा. ब्रुनर म्हणजे विहिरीजवळ, झऱ्याजवळ राहणारा. मी म्हटलं, आमच्यातही गावावरून आडनाव पडतं, मी वडाच्या गावची. ते म्हणाले, “वडाखालीच विहीर असते ना? मग आपण शेजारीच.” बोलले ते इंग्रजीत, मला मात्र आता ते वाक्य मराठीतच ऐकू येतं.

एका उन्हाळ्यात आम्ही त्यांच्या पूर्वजांचं ते गाव बघायला गेलो. सफरचंदाची झाडं होती, बसचा थांबा होता, विहीर नव्हती. अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या म्हातारीने सांगितलं, तिच्या आजीनेही ती पाहिली नव्हती. मला वाईट वाटलं. ब्रुनर गवतात गुडघे टेकून बसले आणि त्यांनी तळहात जमिनीवर ठेवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. त्यांच्या घराण्यात ते एकटेच उरलेले होते.

सिंगापूरला ऋतू नाहीत असं सगळे म्हणतात. ब्रुनरांना ते दिसत. वर्षाखेरीच्या पावसात समुद्राचा रंग शिशासारखा होतो, रेन ट्रीची पानं सर येण्याआधीच मिटून घेतात, कोरड्या दिवसांत संध्याकाळचा उजेड आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर एक लादी पुढे सरकतो, हे सारं मी त्यांच्या बोटाच्या टोकाशी पाहायला शिकले. आणि अशा माणसाला शेवटच्या दिवसांत घोटभर पाणी गिळता येईना. मी कापसाचा ओला बोळा त्यांच्या ओठांवरून फिरवत असे. पाण्याजवळच्या माणसाला मी पाणी थेंबाथेंबाने देत होते. बोळा पिळताना पडणारे थेंबही ते डोळे मिटून ऐकत.

कुठलाच धर्म त्यांना फार जवळचा नव्हता. ‘तुला जे करून बरं वाटेल ते कर,’ एवढंच म्हणाले होते. म्हणून बाराव्या-तेराव्याला गुरुजी घरी आले. आठवडाभर पाया लेबार भागातल्या ऑफिसात काम करणारे आणि सुटीच्या दिवशी पौरोहित्य करणारे. ताम्हन मांडलं, तीळ आले, आमची मुलगी ईरा ओढणी सावरत पाटावर बसली. गुरुजींनी विचारलं, “गोत्र?”

मी ईराकडे पाहिलं. “माहीत नसेल तर काश्यप म्हणतात, ताई,” ते मृदुपणे म्हणाले. “शास्त्रात तशी सोय आहे.”

“आई, काश्यप इज फाइन ला,” ईरा तिच्या सिंगापुरी ढंगात कुजबुजली. “पप्पांना कुठे गोत्र होतं?”

सोय होती हे खरंच. पण ज्यांचा ठावठिकाणा कोणाला ठाऊक नाही त्यांच्यासाठीची सोय माझ्या माणसाला लागावी, हे मला सोसेना. आपण त्यांना बिनपत्त्याचं पाठवतो आहोत, असं वाटलं. “गुरुजी, त्यांना ठिकाण होतं,” मी म्हटलं, आणि ती विहिरीची गोष्ट, टेकडी-गिरणीसकट, सांगितली. सांगता सांगता ईराच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. ती पहिल्यांदाच ऐकत होती. ब्रुनरांनी सांगितलं असेल असं मी धरून चालले होते. मी सांगितलं असेल असं त्यांनी.

गुरुजी म्हणाले, “तर्पणात आडनाव घेत नाहीत. पण घेतलंत तर मी कुठे अडवतोय. गोत्र काश्यपच राहू दे, पुढे नाव, आणि मग ते.”

शाळेपासून ईरा स्वतःचं आडनाव घाईने, शेवट गिळून सांगत आली होती. इथे सगळे तसंच म्हणतात, म्हणून तीही. तिने ओंजळीत तीळ घेतले. वडिलांचं नाव घेतलं, थांबली, आणि मग ते आडनाव तिने त्यांच्यासारखं उच्चारलं, घशातून, प्रत्येक अक्षराला त्याची जागा देत. अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी ताम्हनात उतरलं. ते पुरतं उतरेपर्यंत तिने मान कलती ठेवली होती, कान देऊन. असं बसायला तिला कोणी शिकवलं नव्हतं.

आता सकाळी तांब्या मी भरते. माझ्याकडून तो अजून कधी कधी ओसंडतो. ती विहीर केव्हाच बुजली आणि विहिरीजवळचा माणूसही उठून गेला. पण ईरा फोनवर कोणाला तरी आपलं नाव सांगते, शेवट न गिळता सांगते, तेव्हा त्या बुजलेल्या विहिरीच्या खोल अंधारात तेवढ्यापुरतं पाणी काठापर्यंत चढून येतं.