फुलं रंगवलेली टाकी

मित्रांनो, बागेतल्या ज्या गोल भिंतीवर तुम्ही चेंडू आपटता, ती मी. मी एक जुनी तेलाची टाकी आहे. अंगावरची फुलं नंतर रंगवली आहेत.

पत्र्याला पत्रा जोडून मला इथे उभं केलं, तेव्हा भोवती भाजीचे मळे होते. माझ्यासारख्या आणखी अकरा जणी आल्या आणि मळे गेले. टँकर वळावेत म्हणून रस्ते रुंद झाले, कामगारांची वसाहत झाली, मग शाळा, दुकानं. "हिच्या जिवावर आपलं चाललंय," असं लोक म्हणायचे. मी फुशारून जायचे, खोटं कशाला बोलू?

रोज सकाळी मोजणीकाका मला दोनदा थोपटून शिडी चढायचे. झाकण उघडून, वजन बांधलेली फीत आत सोडून तेलाची पातळी मोजायचे. एकदा त्यांना पातळी उतरलेली दिसली. तीन दिवस मोजून ते साहेबांकडे गेले.

"साहेब, टाकीचा तळ गळतोय. झडपा बंद आहेत, तरी तेल उतरतंय."

"उन्हानं उडत असेल हो! टाकी रिकामी केली तर काम बंद पडेल. बघू पुढच्या वर्षी."

काका मान डोलावून परत आले. ते पुन्हा जातील याची मला खात्री होती. ते गेले नाहीत. बारा वर्षं माझ्या पोटातलं तेल मातीत मुरत राहिलं.

शहर वाढलं, तसा लोकांना माझा वास नकोसा झाला. कंपनीनं गाशा गुंडाळला. अकरा जणी भंगारात गेल्या. माझी अर्धी भिंत शोभेला ठेवली आणि जमीन घरांसाठी विकली. माझ्या तळाखाली कुणी वाकूनही पाहिलं नाही.

पहिल्याच इमारतीत काकांच्या मुलीनं घर घेतलं. तिच्या लेकीनं माझ्याजवळ पेरूचं रोप लावलं. ते वाळलं. दुसरं लावलं, तेही वाळलं. परवा काठी टेकत काका आले. त्यांनी खाली बसून मूठभर माती हुंगली.

"आजोबा, मी रोज पाणी घालत होते हो!" ती रडवेली झाली.

"तुझं काही चुकलं नाही, बाळा. हा वास माझ्या ओळखीचा आहे."

उठताना त्यांनी मला दोनदा थोपटलं. त्या थोपटण्याचा मला पहिल्यांदाच राग आला. साहेबांचं सोडा, ते परकेच होते. काका माझे होते.

मित्रांनो, मला नवा रंग नको. ही माती काढायला लावा. मोठी माणसं "बघू" म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. तिसऱ्या दिवशीही विचारा. माझे काका एकदाच विचारून आले होते.