परीक्षेची तयारी

सरकारी मदत मंजूर करण्याआधी आईचा विसराळूपणा किती वाढलाय, ते बघायला एक बाई घरी येणार होत्या. परक्यांसमोर घरची लक्तरं कशाला, म्हणून निनादने आईकडून वार, महिना, परदेशातल्या या घराचा ट्रुगानिनाचा पत्ता, सगळं घोकून घेतलं; अगदी स्कॉलरशिपच्या वेळी ती त्याच्याकडून घ्यायची तसं.

बाईंसमोर आईने पटापट उत्तरं दिली.

“रात्रीचं कोण बघतं?” बाईंनी विचारलं.

“नो वरीज, वी मॅनेज,” निनाद ऐटीत म्हणाला. जागरणांनी डोळे खोल गेलेल्या त्याच्या बायकोने, चारुताने, जांभई दाबली.

“मग मदतीची घाई दिसत नाही,” म्हणून बाई गेल्या.

चारुताकडे बघायची निनादला लाज वाटली. तेवढ्यात आईने तिला हळूच विचारलं, “हे सर कोण गं? फार छान शिकवतात.”