खेळायला हरकत नाही

नानासोंनी दवाखान्याच्या लिफ्टचं बटण तिसऱ्यांदा दाबलं. चढायचा होता एकच मजला, आणि जिना समोरच होता. पण सृष्टी निमूट बाजूला उभी राहिली. सव्वीस वर्षांची मुलगी, कोरेगावच्या शाळेत गणित शिकवणारी, तरी बापाबरोबर असली की जिन्याकडे बघायचंसुद्धा नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं.

जन्मापासून आवळलेली तिच्या हृदयाची झडप पाचव्या वर्षी शस्त्रक्रियेनं मोकळी केली होती. तेव्हापासून दर वर्षी पिठाची गिरणी बंद ठेवून नानासो तिला रहिमतपूरहून गाडीनं मिरजेला तपासायला आणायचे. एकवीस वर्षांत एक खेप चुकवली नाही, असं गावात छाती पुढे काढून सांगायचे.

तिला इतकी वर्षं तपासणारे थोरले डॉक्टर आता निवृत्त झाले होते. त्यांच्या खुर्चीत डॉ. शरयू कानिटकर बसत. त्यांनी पडद्यावरची चित्रं पुन्हा एकदा पाहिली आणि चष्मा काढला.

"झडपेची गळती वाढलीय. उजवा कप्पा मोठा झालाय. लहानपणी अशी झडप मोकळी केली की काही जणांना वीस-पंचवीस वर्षांनी हे होतं. झडप बदलावी लागेल. घाबरून जाऊ नका."

नानासोंनी गुडघ्यावरची टोपी उचलली, पुन्हा ठेवली.

"आमी जपलं म्हणून येवढी वर्सं तरी टिकली न्हवं? कवा पळू दिलं न्हाई हिला. खेळ न्हाई, उडी न्हाई."

"का बरं?" डॉक्टर म्हणाल्या. "पळण्याचा याच्याशी काही संबंध नव्हता." त्यांनी दवाखान्याचे पिवळे पडलेले कागद मागे उलटत नेले. "हे बघा, तेरा वर्षांपूर्वी सरांनी लिहून ठेवलंय. सर्व खेळ खेळायला हरकत नाही. वडिलांना समजावून सांगितले."

वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी कागद सावकाश मिटले.

नानासोंना ती दुपार लख्ख आठवत होती. सृष्टी बाहेर आईजवळ पेरू खात बसलेली. शाळेच्या खो-खोच्या संघात तिचं नाव आलेलं. "खेळू दे पोरीला," थोरले डॉक्टर त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, आणि "व्हय साहेब" म्हणून त्यांनी मान डोलावली होती. परतीच्या गाडीत भिलवडी यायच्या आत तिनं विचारलं, "काय म्हणाले, आप्पा?" नळ्या लावून निजवलेली पाच वर्षांची पोर त्यांनी एकदा काचेतून पाहिली होती, ती डोळ्यांपुढून हलत नव्हती. "न्हाई म्हणाले," ते बोलून गेले.

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. गिरणीच्या दारातून शाळेचं मैदान दिसायचं. खेळणाऱ्या मुलींच्या बांगड्या नि कानातली ओंजळीत घेऊन ती कडेला बसलेली असायची, आणि तिला तशी बसलेली पाहून नानासोंना बरं वाटायचं. आपण पोरीला वाचवलं, ही त्यांची इतक्या वर्षांची समजूत. वाचवलं काहीच नव्हतं. नुसतं अडवून ठेवलं होतं.

सृष्टीनं बापाकडे पाहिलं नाही.

"आणि आता खेळले तर?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"आता नको. झडप बदलेपर्यंत तर नाहीच. पुढचं पुढे पाहू."

"बरं," ती म्हणाली.

एमआरआय त्याच दिवशी करून घ्यायचा ठरला. खोलीच्या दाराशी नर्सनं अंगावरचं सगळं धातूचं काढून द्यायला सांगितलं. सृष्टीनं घड्याळ काढलं, बांगड्या काढल्या, मान तिरकी करून कानातली काढली. नानासोंनी सदऱ्याचा खिसा पुढे केला.

"सृष्टे, मी तवा..."

"खिशात नको, आप्पा. फिरक्या पडत्यात, मग सापडत न्हाईत. मुठीत धरा."

आवाजात राग नव्हता. सरावलेल्या माणसानं नवख्याला सांगावं, तसं तिनं सांगितलं. मग ती आत गेली आणि दार मिटलं.

नानासो बाकाजवळ उभेच राहिले, मूठ छातीशी धरून. थोड्या वेळानं नर्स परत आली.

"पाऊण तास लागेल, काका. ते बाकावर ठेवा की. हात दुखेल."

नानासोंनी मूठ आणखी आवळली.

"दुखू द्या, बाई," ते म्हणाले.