बुडबुड्याचा तास

धाकट्या बाई शिकवायच्या झकास, आणि तेच त्यांना भोवलं. वनस्पतिशास्त्र विभागात पहिल्या वर्षाची पोरं त्यांच्या तासाला आधीपासून जागा धरून बसायची. हे वरच्यांच्या नजरेत भरलं. झालं! एवढी कामाची बाई, घाला हिला समित्यांवर. आणि समित्यांना वेळ मिळावा म्हणून वर्ग घ्या काढून. विद्यापीठात याला कौतुक म्हणतात.

वर्षभर बाईंनी बैठकांमध्ये माना डोलावल्या. मग लांबच्या एका विद्यापीठातून विचारणा झाली: आमच्याकडे या, फक्त शिकवा. नवऱ्याची नोकरी इथं, लेक इथल्या शाळेत रुळलेली. तरीही बाईंनी मन घट्ट केलं आणि विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या.

विभागप्रमुख म्हणजे थोरल्या बाई. तोंडाने फटकळ. पण धाकट्या बाईंना इथं घेताना निवड समितीशी कडाकडा भांडल्या होत्या त्या याच.

"बाई, मी चाललेय."

"कुठल्या बैठकीला?"

"दुसऱ्या विद्यापीठात."

थोरल्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. "पगार जास्त देतायत?"

"नाही, थोडा कमीच."

"मग डोकं फिरलंय का तुझं? खिडकीवाली खोली देते. नवा मायक्रोस्कोप तुझ्याकडे ठेव. कुलगुरूंच्या मागे लागून बढती मिळवून देते. आणखी काय हवं, बोल की!"

"पहिल्या वर्षाचा वर्ग."

थोरल्या बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. तो वर्ग आता त्यांच्याकडेच होता. वर्षअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या आणि शेवटचं वर्ष पोरांमध्येच काढणार, असं त्यांनी सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं. तास संपेपर्यंत त्यांनी कुलगुरूंनासुद्धा ताटकळत ठेवलं होतं.

धाकट्या बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तसं नाही बाई, तुमचा वर्ग नकोय मला."

"मग कुणाचा? पहिलं वर्ष एकच आहे आपल्याकडे." थोरल्या बाईंनी समित्यांची यादी पुढ्यात ओढली. "समित्यांवर तुझं नाव मीच सुचवलं होतं गं. वाटलं, मान दिला की माणूस टिकतं. हे नाही सुचलं की तुझं सुख काढून घेतेय. घे तो वर्ग. समित्या माझ्याकडे दे, मला भांडायला माणसं लागतातच."

"पण तुमचं शेवटचं वर्ष..."

"माझं शेवटचं आहे. तुझी पुष्कळ आहेत. आणि रडू नकोस, खाली कागद आहेत." मग हळूच म्हणाल्या, "फक्त यंदा बुडबुडेवाला कोण निघतो, तेवढं सांग मला."

कांद्याच्या पापुद्र्याचं प्रात्यक्षिक असलं की दर वर्षी कुणीतरी स्लाइडवर काच नीट टेकवत नाही, आत हवा राहते, आणि तो गोल बुडबुडा बघून पेशी सापडल्याची आरोळी ठोकतो. थोरल्या बाई त्या आरोळीची वर्षभर वाट बघायच्या.

पुढच्या आठवड्यात धाकट्या बाई प्रयोगशाळेत शिरल्या. पोरं कांदे सोलत होती, निम्म्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. समोरच्या खोलीत बैठक भरली होती आणि थोरल्या बाईंचा आवाज चढला होता. आपल्या वाटची कटकट त्यांनी अंगावर घेतलीय, या विचाराने धाकट्या बाईंना भरून आलं. आईनंतर आपल्यासाठी एवढं कुणी केलं नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. निदान आपल्या गोंगाटाचा त्यांना त्रास नको म्हणून त्या दार लावायला निघाल्या.

तेवढ्यात मागच्या टेबलावरून एक पोरगी किंचाळली, "बाई, दिसली! केवढी मोठी पेशी! एकदम गोल!"

समोरच्या खोलीतला चढलेला आवाज वाक्याच्या मध्येच थांबला. मग थोरल्या बाई खदाखदा हसल्याचं ऐकू आलं. बैठकीतलं कुणीतरी काय झालं म्हणून विचारत होतं.

"काही नाही हो," त्या म्हणाल्या, "आमची बाई राहिली."

धाकट्या बाईंनी दार उघडंच ठेवलं आणि त्या मागच्या टेबलाकडे गेल्या.